सखारामच्या घरावरची पांढरी

परवा क्रांती चौकातल्या एका हॉटेलात पर्यावरणपूरक घरांवर परिषद झाली. एसी इतका गार की मी हात काखेत घालून बसलो. पडद्यावर मातीच्या छताचं चित्र आलं, भर उन्हाळ्यात घर कसं थंड राहतं ते कुणी तरी सांगितलं, टाळ्या पडल्या. मी सिव्हिल इंजिनिअर, टाळी मीही वाजवली. पण मनातून चिडलो होतो. असली छतं जन्मभर घालणाऱ्या माझ्या त्रिंबकमामाला कुणी कधी चहासुद्धा विचारला नाही.

मामा धनगर. पडेगावच्या पलीकडं एका खेड्यात राहायचा. मेंढरं विकल्यावर तो माळवदं, म्हणजे मातीची सपाट छतं, घालायला लागला. तुळयांवर लाकडाच्या चिपा, त्यावर कडुलिंबाचा पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी. पांढरी म्हणजे रंगानं पांढरी नव्हे. गाव पिढ्यानपिढ्या जिथं वसलं, त्या टेकाडाची ती राखट माती. काळी माती भेगाळते. पांढरी नीट ठोकली की थेंब आत येऊ देत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत बौद्धवाड्यातली गवती छपरं पेटवली. त्यात सखारामचंही गेलं. तो चिकलठाण्याला कारखान्यात कामाला जायचा. पुढच्या वैशाखात तो मामाकडं आला.

"त्रिंबकदादा, परत पेटणार नाय असं छत पायजे."

"सरकारी टिनाचं पत्रं मिळालेत ना?"

"त्याच्याखाली सत्यभामा अन् लेकरू भाजून निघतंय."

सत्यभामा त्याची बायको. मामानं काम धरलं. भिंती उठल्या, तुळया बसल्या, पाला अंथरला, चिखलही झाला. मग टोपलं घेऊन तो टेकाडावर गेला, तर तिथं बागाईतदार रामकिसन दहा-बारा जण घेऊन उभा.

"पांढरी गावाची हाय, त्रिंबक."

"मग सखाराम गावाचा नाय व्हय?"

"टोपलं ठिव खाली. तुझंबी घर ह्याच गावात हाय."

मामानं टोपलं खाली ठेवलं. मामी म्हणायची, घरी येऊन त्यानं भर दुपारी दाराला कडी घातली. मला त्यात लाज वाटत नाही. घरं पेटलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती.

दोन दिवस तो जेवला नाही. आभाळ रोज दाटून यायचं, आणि पांढरीशिवाय सखारामचं छत एका पावसात बसलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा कुदळ घेऊन स्वतःच्याच माळवदावर चढला.

"येड लागलं का तुमाला?" पुतळाबाईमामी खालून ओरडली. "लेकरं कुठं निजवायची?"

मामा खणत राहिला. मग टोपलं डोक्यावर घेऊन तो भर उन्हात रामकिसनच्या ओट्यासमोरून निघाला. ओट्यावरची माणसं उठली. एकानं दगड उचलला.

"कुठली माती?" रामकिसननं विचारलं.

"माझ्या छतावरची. छतावर चढली की माती घरधन्याची, ह्यो रिवाज हाय. मोडायचा असंल तर सांगा."

रामकिसननं मान वळवून आपल्या वाड्याकडं पाहिलं. रिवाज मोडला तर उद्या त्याच्या वाड्यावरच्या मातीवरही गावानं हक्क सांगितला असता. त्यानं त्या माणसाच्या हातातला दगड खाली ठेवायला लावला. मामाच्या खेपा दिवस मावळेपर्यंत चालल्या.

गावानं त्याला पुन्हा काम दिलं नाही, पांढरीही दिली नाही. मामीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. मामाच्या घरावर आता फक्त पोती आणि तुरीच्या तुराट्या होत्या. आषाढात सलग तीन दिवस पाऊस लागला आणि ते सगळं खाली आलं. मामानं भिजलेलं अंथरूण उचललं आणि सखारामच्या घराकडं चालू लागला. बौद्धवाड्यात कधी पाय न टाकलेली मामी लेकरं घेऊन मागून गेली.

सत्यभामानं वाकळ पसरली, चुलीपुढं जागा केली. "नवं छत हाय," ती संकोचानं म्हणाली. "गळलं तर सांगा, भांडं ठिवते."

मामीनं वर पाहिलं. महिनाभर तिनं धरलेला अबोला तिथंच सुटला.

"गळायचं नाय, बाई," ती म्हणाली. "माझंच छत हाय ते."