अप्रभावी म्हणजे गेलेलं नव्हे

‘अप्रभावी’ हा जनुकशास्त्रातला शब्द मी इथे बंगालात, डमडमच्या शाळेत जन्मभर शिकवला. पोरांना तो एका तासात कळायचा. माझ्या थोरल्या भावाला अजून कळलेला नाही, आणि हा म्हणे इंजिनियर.

भाचा, म्हणजे याचाच मुलगा, कॉलेजात होता तेव्हा तिथे रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि तो थॅलेसेमियाचा वाहक निघाला. रोगाचं एक जनुक अंगात असतं, पण जोडीचं दुसरं निरोगी असलं की ते दबून राहतं. माणूस ठणठणीत. त्यालाच अप्रभावी म्हणतात. पण बायकोही तशीच मिळाली, तर दर बाळाच्या वेळी चारात एक शक्यता, की त्याला दोन्हीकडून तेच येईल. असली एक मुलगी माझ्या वर्गात होती. सारखी रक्त चढवायला जायची आणि बाकावर डोकं टेकून बसायची. दहावीपर्यंत पोचली नाही बिचारी.

म्हणून भाच्याचं लग्न ठरतंय म्हटल्यावर मी बराकपूरला दादाकडे गेले. मुलगी इथल्याच मराठी घरातली. मी दादाला म्हटलं, तिचंही रक्त तपासून घ्या. झालं! हा बंगाल्यांचा रोग, आपल्यात नसतो, असं त्याचं म्हणणं. मग मुलाला कुठून आला? तर म्हणे इथल्या पाण्याने. मी कपाळावर हात मारला. अप्रभावी म्हणजे ज्याचा प्रभाव नाही ते, हे तूच शिकवतेस ना, असं वर मलाच ऐकवलं. शेवटी वहिनीने पत्रिका आणली.

“नाडी वेगळी आहे दोघांची,” दादा म्हणाला. “पत्रिकेत नाडी बघतात ती रक्तासाठीच. गुरुजींनी पाहिलंय सगळं.”

पालथ्या घड्यावर पाणी. भाचा समोर बसून मोबाइल बघत होता. तू तरी मुलीला सांग, म्हटलं, तर बाबा म्हणतील तसं. तिशी आली तरी याला तोंड फुटलेलं नाही! मला त्या दोघांचा असा संताप आला की चहा तसाच टाकून निघाले.

मग मीच मुलीला भेटायला बोलावलं आणि सरळ सांगून टाकलं.

“आत्या, मीही वाहक आहे,” ती म्हणाली. “आई म्हणाली, लग्न होईपर्यंत बोलू नकोस.”

मी तिला समजावलं की लग्न मोडायचं कारण नाही. डॉक्टरांना भेटा, दिवस राहिले की गर्भाची तपासणी होते, त्याप्रमाणे ठरवा. ती तयार होती. दवाखान्यात वेळही तिनेच घेतली. भाचा गेलाच नाही. तिने दुसऱ्या दिवशी लग्न मोडलं, आणि बरं केलं.

त्यानंतर दोन्ही घरांनी जी राळ उठवली! हे म्हणतात त्यांच्या रक्तात खोट, ते म्हणतात यांच्या. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. फक्त एका गोष्टीवर दोघांचं एकमत, की लग्न मी मोडलं. दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. लग्न ठरलंय, इथलीच मुलगी आहे. मी पहिल्यांदा विचारलं, तिला सांगितलंस का? तो लग्नाची तारीख सांगायला लागला. तिचं रक्त तपासलं का? तर जेवणाचा बेत सांगायला लागला. मग म्हटलं, नाव तरी सांग मुलीचं.

“नाव लग्नानंतर सांगतो, आत्या,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.