जाळीवरच्या बाया आणि कमळचं लगीन

चार बाया पाण्याकाठी बसल्या की किस्से साठायचेच. आम्हा चौघींना तर पगारच त्याचा मिळतो, असं गावातली माणसं म्हणायची. म्हणू देत!

पाटणच्या वरच्या अंगाला आमचं छोटं वीजघर. धरण नाही, काही नाही. ओढ्याचं पाणी पाटानं डोंगरकडेला आणायचं आणि मोठ्या नळातून खाली मशीनवर सोडायचं. पाट नळात शिरतो तिथं लोखंडी जाळी. तिच्यावरचा पाला दाताळ्यानं ओढून काढायचा, हे आमचं काम. पाला तुंबला की पाणी तुटतं, पाणी तुटलं की मशीन बंद.

*

एकदा जाळीवर धोतर आलं. मागनं वरच्या वाडीचा म्हातारा लंगोटीवर धावत.

आमच्यातली शेवंता म्हणाली, "आवं आबा, धोतर मिळंल. पण तुमचंच हाय कशावरनं?"

म्हातारा खवळला, "आता आणिक काय दावू गं तुला?"

*

मशीनवर अण्णा ऑपरेटर. बायको बाळंतपणात गेली. तान्ही कमळ त्यांनी मशीनशेजारी झोळीत वाढवली. मग त्या घरघरीशिवाय पोरीला झोपच येईना! सांगलीच्या मावशीनं नेली, तर रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी मावशीनं हळदीच्या गिरणीशेजारी झोळी बांधली. गप झोपली!

परत आली ती पिवळीधम्मक. अण्णा तिला पुसत म्हणाले, "एवढ्यातच हळद लावली व्हय गं माज्या लेकीला?" आणि तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "डोळ्यात गेली वाटतं हळद!"

*

कमळ लग्नाला आली. मशीनमुळं आमच्याकडं सगळी ओरडूनच बोलतात. पाहुणे बघायला आले. नाव विचारलं, तर पोरगी बसल्या जागेवरनं गरजली, "कमळ!" सासऱ्याच्या हातातले पोहे सांडले.

मोडलं आता, म्हणून मी पदर खोचून उठले. पण नवरदेव मिलिटरीत, तोफखान्यात. कान निम्मे गेलेले. तो बापाला म्हणाला, "तात्या, हीच करायची. पयल्यांदाच कुणाचं तरी नीट ऐकू आलं!"

*

लगीन फाल्गुनात, खालच्या देवळात, भर दुपारी. आणि अण्णांच्या जागी बदली माणूसच मिळेना! साहेब नवा आणि कडक. म्हणाला, "चालू मशीन सोडून ऑपरेटरनं जायचं नाही."

मी विचारलं, "आणि बापानं लेकीवर अक्षता टाकायच्या न्हाईत?"

"ते नियमात नाही, बाई."

"मग नियमात हाय तरी काय?"

"पाणी असेल तर मशीन चालू. पाणी नसेल तर बंद."

अण्णा मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. हितनं सनई तरी ऐकू यील."

कसली सनई! तिथं शेजारच्याचा शब्द ऐकू यायचा नाही.

*

लग्नादिवशी आम्ही चौघी नवी लुगडी नेसून जाळीवर गेलो. दाताळी आडवी टाकली, सुपारी कातरत बसलो. फाल्गुनातला पाला, बघता बघता तुंबला. नळातलं पाणी तुटलं. खाली मशीन रेंगाळलं आणि थांबलं. एवढं गप झालं की सनई आम्हाला वर ऐकू आली!

अण्णा दारात आले. मान वर करून आमच्याकडं बघत राहिले.

मी ओरडले, "पाणी न्हाई, अण्णा! जावा!"

माणूस वहाणा हातात घेऊन पळाला.

मग साहेब धापा टाकत वर चढून आला. "पाला का काढला नाही?"

"काय करू साहेब, आज वारा लय! काढावा तेवढा पडतोय."

साहेबानं झाडांकडं बघितलं. पान हलत नव्हतं. खाली मंगलाष्टकं सुरू झाली. त्यानं डोक्यावरची हॅट काढली आणि माझ्याशेजारी काठावर टेकला.

"बाई, किती वेळ राहील हा वारा?"

"अक्षता पडंस्तवर!"