पावणेदोनचा भोंगा

सतरा वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या दलात, काढून मी हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो आणि महिन्याभरात हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या एका तेल कारखान्यात गेट सुपरवायझर म्हणून लागलो. ऐंशीनंतरची गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, पुढे तिने स्वतःच नाव बदललं.

काम सोपं होतं. पहिली पाळी सहाला, दुसरी दोनला. पावणेदोनला भोंगा द्यायचा. त्याचं बटण माझ्या केबिनमध्ये. दुसऱ्या पाळीची माणसं समोरच्या चहाच्या गाड्यावर बसलेली असत. भोंगा झाला की ग्लास ठेवून उठत.

त्यातच भीमराव कांबळे असे. इन्फंट्रीतून लान्स नाईक म्हणून सुटलेला, हुबळीच्या कमरीपेठेत माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहणारा. पंप ऑपरेटर म्हणून त्याला मीच लावलं होतं. रोज आत जाताना तो "जय भीम, हवालदारसाब" म्हणे. मी "जय हिंद" म्हणे. एवढंच बोलणं, पण एकही दिवस चुकलं नाही.

त्या मंगळवारी बारा पन्नासला प्लँट इंजिनिअर धावत माझ्याकडे आला. सरकीच्या पेंडीतून उरलेलं तेल काढायला जे सॉल्व्हंट वापरतात त्याची पाइप फुटली होती. पेट्रोलच्या जातीचाच पदार्थ तो, ठिणगी पडली की संपलं. इंजिनिअरने व्हॉल्व्ह बंद केला होता, पहिल्या पाळीला मागच्या दाराने बाहेर काढलं होतं. मला म्हणाला, "चार तास पंपाच्या खोलीकडे कुणी फिरकायचं नाही. वाफ जाऊ दे."

इथवर सगळं ठीक. फौजेत यापुढचं काम दोन मिनिटांचं. काय झालं, कुठे झालं, कुणी जायचं नाही. बोलायचं आणि ओव्हर म्हणायचं. आमच्याकडे पुढची चाळीस मिनिटं मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. मुंबईच्या हेड ऑफिसला लायटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा ट्रंक कॉल, लावला. नोटीस बोर्डावर काय लिहायचं यावर खल सुरू झाला. 'गळती' नको, लोक घाबरतील. मग 'तांत्रिक अडचण'. मुंबईहून सांगितलं, 'अडचण' पण नको, 'देखभाल' लिहा. अरे बाबांनो, तिकडे वाफ साठतेय आणि तुम्ही शब्द कसले निवडताय! माझं डोकं फिरायची वेळ आली होती, पण मी सावधानमध्ये उभा. सतरा वर्षांची खोड.

शेवटी मॅनेजरला बोललोच. "साहेब, पाळी गेटवरच थांबवतो. पाइप फुटलीय, आत जाऊ नका, एवढंच सांगतो."

"वेडे आहात का? तासाभरात दुर्गदबैलच्या बाजारात बातमी पोचेल. संध्याकाळी पेपरवाले दारात. भोंगा वेळेवर झाला पाहिजे. पाळी आत घ्या, गोदामात बसवू. कुणी विचारलं तर म्हणा, काळजीचं कारण नाही."

"गोदामात बसवणार कोण?"

"ते आतला पाळीचा सुपरवायझर बघेल. आणि हे बघा, लोक तुमचं ऐकतात. फौजी माणूस. ती मेडलची पट्टी लावून उभे राहा."

पंधरा ऑगस्टला लागते म्हणून रिबनची पट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये असे. मी ती लावली. ऑर्डर होती. पावणेदोनला बटणही मीच दाबलं.

माणसं रस्ता ओलांडून आली. भीमराव गेटवर थांबला. नाक वर करून म्हणाला, "वास येतोय, हवालदारसाब. सगळं ठीक?"

मी म्हणालो, "काळजीचं कारण नाही."

त्याने पट्टीकडे बघितलं, हसला. "आज परेड आहे वाटतं," म्हणाला आणि आत गेला.

गोदामाचं त्या पाळीच्या सुपरवायझरला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर बातमी फुटली असती ना! भीमराव रोजच्यासारखा पंपाच्या खोलीत गेला आणि त्याने स्विच दाबला. दोन वाजून चौदा मिनिटं. माझ्या केबिनच्या काचा आत पडल्या.

तीनपर्यंत गेटवर दोनशे माणूस. बायका कन्नडमध्ये, मराठीत, मिळेल त्या भाषेत विचारत होत्या. बोर्डावर 'देखभाल' तशीच. मॅनेजर मला म्हणाला, "मुंबईचा कॉल येईपर्यंत एक शब्द नाही." चार वाजता इंजिनिअर बाहेर आला. चेहरा काळा. त्याने माझ्या कानात तीन नावं सांगितली.

मुंबई गेली खड्ड्यात. मी स्टुलावर चढलो आणि तिन्ही नावं मोठ्याने वाचली. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. फौजेत घरच्यांना आधी कळवतात, जगाला नंतर. इथे घरचेच रस्त्यावर उभे होते.

भीमरावची बायको, शांताक्का, पुढेच होती. ती रडली नाही. "अण्णा, तुम्ही गेटवर होतात ना? मग त्यांना अडवलं का नाही?"

"वास येतोय म्हणून विचारलं होतं त्याने."

"मग?"

"काळजीचं कारण नाही, म्हटलं."

तिची नजर माझ्या छातीवर गेली. पट्टी काढायची राहिली होती.

"तरीच," ती म्हणाली. "घरी नेहमी म्हणायचे, सगळं जग खोटं बोलेल, हवालदारसाब बोलायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. त्याच दिवशी पेपरात कंपनीचं निवेदन आलं: देखभालीदरम्यान किरकोळ आग, परिस्थिती नियंत्रणात. नावं नव्हती. पट्टी त्यानंतर मी लावलेली नाही. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात, मी साध्या शर्टात जातो.

नावं मी सांगतो. लान्स नाईक भीमराव कांबळे, पंप ऑपरेटर. इराप्पा, फिटर. खाजासाब, हेल्पर.

पाइप फुटलीय, आत जाऊ नका. हे बोलायला तीन सेकंद लागतात. मी घड्याळ लावून बघितलंय.