बिनखुर्चीचं घर

शेवटच्या दिवशी सकाळी आमचे हे मांडी घालून बसले आणि त्यांना उठता येईना. यात नवीन काही नव्हतं. रोज एक हात मी धरायची, दुसऱ्या हाताने ते खिडकीचा गज धरायचे, आणि तीन म्हटलं की मी ओढायची. माझे स्वतःचे गुडघे कामातून गेलेले. त्या दिवशी हिसका जरा जोरातच दिला, मला राग आला होता.

ते म्हणाले, "शरीर म्हणजे मी नव्हे."

म्हटलं, "मग मी रोज वजन कुणाचं ओढतेय?"

डबा घेऊन दुकानात गेले. दुपारी फोन आला, लगेच या म्हणून.

ह्यांचं काम सोफे भरायचं. काथ्या, स्प्रिंगा, फोम, वरून रेक्झिन. तीस वर्षं लोकांच्या बुडाखाली मऊ घालण्यात गेली. मग कंबर धरली, डॉक्टरने योगाच्या वर्गात पाठवलं. कंबर राहिली बाजूला, हे अध्यात्मालाच लागले. सरांनी सांगितलं आसक्ती सोडा. वर्गात तीसेक माणसं होती, कुणी काही सोडल्याचं मी ऐकलं नाही. ह्यांनी घरातल्या खुर्च्या सोडल्या.

दोन गेल्या तेव्हा मी गप्प बसले. तिसरी माझी होती. माझ्या गुडघ्यांसाठी ह्यांनीच उंच करून, दोन्ही बाजूंना टेकायला हात लावून, स्वतः भरलेली. म्हणाले, तुझी खरी आसक्ती तिथेच आहे. कुणाला दिली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोन वर्षं मी उलट्या बादलीवर बसून भाजी चिरली. बादलीवर कुणाची आसक्ती बसत नाही.

दुकानात गिऱ्हाईक फोम विचारायला आलं की हे त्याला जमिनीवर बसायचे फायदे सांगायचे. सोफे भरणारे खिळे तोंडात धरतात, जिभेने एकेक पुढे काढतात आणि हातोडीने ठोकतात. एकदा तोंडात खिळे असतानाच ह्यांनी श्वासाचा प्रकार केला. एक खिळा आत गेला. डॉक्टर म्हणाले आपोआप येईल, वाट बघा. तीन दिवस आम्ही वाट बघितली. त्या तीन दिवसांत जेवढं ध्यान लागलं तेवढं एरवी कधी लागलं नाही.

सर एकदा घरी आले होते. म्हणाले, बसणं कसं हवं, तर हलू नये आणि सुखाचं वाटावं. मी विचारलं, मग खुर्चीत चालेल का. सर हसले. म्हणाले, ताई, ते सुख वेगळं. हे माझ्याकडे असे बघायला लागले की मी उठून चहा टाकला.

तर दुकानात पोचले तेव्हा हे जमिनीवर, पोत्यावर आडवे होते. एक पाय दुमडलेला, एक सरळ. शेजारी ह्यांचा जोडीदार बसलेला. त्याला सगळे खिळ्या म्हणतात, तोंडात कायम खिळे असल्यामुळे बोलतच नाही. तो एवढंच म्हणाला, वहिनी, ध्यानात गेले. संध्याकाळपर्यंत वर्ग जमला. मांडी घालून देह ठेवला, असं मरण योग्यालाच येतं, असं सर सगळ्यांना सांगत होते. मला अभिमान वाटला. आणि आतून पोखरत पण होतं, की असल्या माणसाला मी सकाळी टोमणा मारून, हिसका देऊन पाठवला.

पंधरा दिवसांनी डबा आणायला दुकानात गेले. मागे रेक्झिनचा तागा उभा होता, त्याच्याआड माझी खुर्ची. बसून बसून मधे खळगा पडलेला.

खिळ्याने तोंडातले खिळे एकेक करून हातावर काढले. तेव्हाच कळलं, हा आता बोलणार.

म्हणाला, "दोन वर्षं रोज दुपारी ह्यातच बसायचे. डोळे मिटून, अर्धा तास. म्हणायचे, मांडी घातली की नुसता गुडघा दिसतो, इथे काहीच दिसत नाही. मला माझं सापडलं रे, पण हिला कुठल्या तोंडाने सांगू."

त्या दिवशी पण खुर्चीतच गेले होते. माझ्यासमोर ह्यांची लाज जायला नको म्हणून खिळ्याने खाली घेतलं आणि मांडी घालून बघितली. ती जिवंतपणी कधी नीट बसली नाही, तेव्हा काय बसणार. अर्धीच झाली.

मी विचारलं, सकाळचं काही बोलले का. खिळ्या म्हणाला, "वजन कुणाचं ओढते म्हणून तुम्ही विचारलंत ना? ते सांगून हसत होते. म्हणाले, दोन वर्षांत एवढा चांगला प्रश्न सरांना पण कुणी विचारला नाही."

मी तिथेच बसले. म्हणजे खुर्चीत. रडू आलं, मधेच हसू पण आलं.

खुर्ची टेम्पोने घरी आणली. दुसऱ्याच दिवशी सर आले. ज्या आसनावर ह्यांनी देह ठेवला ते वर्गात फोटोखाली ठेवायचं म्हणाले. मी उठले नाही. बसल्या जागेवरून कोपऱ्यातली चटई दाखवली. वर्गात नाव घातलं तेव्हा आणलेली, टोचते म्हणून दुसऱ्या दिवसापासून गुंडाळून ठेवलेली. सरांनी ती उलगडली, तिच्यावर हात ठेवला, डोळे मिटले. म्हणाले, अजून स्पंदनं जाणवतात.

मी खळग्यात जरा नीट सरकून बसले. खालची स्प्रिंग कुरकुरली. सरांनी डोळे उघडून इकडेतिकडे बघितलं आणि परत मिटले.