चोर स्विच

"ही वायर कुणीतरी मुद्दाम कापली आहे." हे वाक्य माझं. गाडीच्या मागच्या सीटखाली डोकं घालून, वर मान न करता मी ते बोललो आणि एका माणसाची नोकरी गेली. चूक गाडीची नव्हती, त्या माणसाची तर नव्हतीच. चूक माझी होती.

सुमनताईंची उरवड्यात खानावळ आहे. त्यांच्या जुन्या व्हॅनमधून आसपासच्या कंपन्यांत जेवणाचे डबे जातात. कंपनीची जेवणाची सुट्टी डब्यासाठी थांबत नाही. म्हणून त्या सकाळी त्यांचा फोन आला, तसा मी घोटावडे फाट्यावरच्या माझ्या गॅरेजमधलं हातातलं काम टाकून निघालो.

"मिस्त्री, सेल मारला की नुसती घरघरतीय. चालूच व्हईना," ताई दारातच म्हणाल्या. डबे भरून तयार होते. आत बायका भाकऱ्या थापत होत्या. ड्रायव्हर भिवा हातात ओलं फडकं घेऊन गाडीपाशी उभा होता. रिहे गावाच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यावर त्याचं घर. गाडी चालवायचा तोच आणि रोज धुवायचा-पुसायचाही तोच.

सेल मारल्यावर इंजिन जोमाने फिरत असेल, तर बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत. तरीही ते पकडत नसेल, तर आधी दोन गोष्टी बघायच्या: प्लगला ठिणगी येते का, आणि पेट्रोल पोचतं का. ठिणगी होती. मग मी भिवाला सेल न मारता चावी फक्त ऑन करायला सांगितली. चावी ऑन केली की टाकीतला पेट्रोलचा पंप क्षणभर गुणगुणतो. मी मागे कान लावला. काही आवाज नाही.

फ्यूज चांगला होता. पंपाला करंट सोडणारी डबी, म्हणजे रिले, तीही चांगली. पंपाच्या तोंडाशी टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला नाही. म्हणजे करंट निघत होता, पण वाटेत कुठेतरी अडत होता. मी मागची सीट उचलली, मॅट बाजूला केलं. पंपाची वायर मध्येच कापलेली आणि तिथे काळ्या टेपचा गोळा. इथेच मी ते वाक्य बोललो.

"कुनी कापली?" ताईंनी विचारलं.

"या गाडीला हात कोण लावतं?"

मला वाटलं, मी फक्त प्रश्न विचारला. पण सगळ्यांच्या माना भिवाकडे वळल्या. भाकरी थापणारी एक मावशी म्हणाली, "परवा त्यो पिरंगुटचा खानावळवाला ह्याला चहा पाजत व्हता. म्या माज्या डोळ्यांनी बगितलं."

"त्यानं काम इचारलं. म्या न्हाई म्हनलो," भिवा म्हणाला. "चहा पिला म्हून वायर कापीन व्हय?"

"मग काय उंदराने कापली आणि वरून टेप लावली?" मी म्हणालो. बायका हसल्या. त्या हसल्या म्हणून मला चेव आला आणि मी पुढे बोललो, "हे चोराचंच काम आहे, ताई."

भिवाने माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, नीट बगा," एवढंच म्हणाला.

मी नीट बघितलं नाही.

ताई संतापल्या होत्या. "चावी ठिव आन् चालता हो," म्हणाल्या. भिवाने चावी डब्यांवर ठेवली, फडक्याची घडी करून बॉनेटवर ठेवली आणि रस्त्याला लागला. मी पंपाला बॅटरीवरून डायरेक्ट वायर दिली. पहिल्याच सेलला गाडी चालू झाली. ताईंनी स्वतः स्टिअरिंग धरलं, डबे वेळेत पोचले. जाताना त्या म्हणाल्या, "तुमी व्हता म्हून आज निभावलं." मी खुशीत घरी जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी डबे पोचवून झाल्यावर पक्कं काम करायला गाडी गॅरेजला आणली. काळी टेप उलगडायला घेतली. आत लाल दोरा निघाला.

माझे हात तिथेच थांबले. उन्हाने टेप सरकू नये म्हणून जोडावर आधी शिवणाचा दोरा गुंडाळायचा, ही माझ्या उस्तादांची पद्धत. या पट्ट्यात माझ्याखेरीज असा जोड कुणी करत नाही. आणि दोरा नेहमी लालच, कारण बायकोच्या मशीनवरचं तेच रीळ मी उचलून आणतो.

त्या जोडातून आणखी दोन वायरी मॅटखालून पुढे गेल्या होत्या. आदल्या दिवशी मी तेवढंही बघितलं नव्हतं. त्या स्टिअरिंगखालच्या खोपच्यात, एका बारक्या स्विचला जाऊन मिळाल्या. स्विच ऑफ होता. त्याच्या फटीत पुसायच्या फडक्याचे धागे अडकले होते. मी कालची डायरेक्ट वायर काढली, स्विच दाबला आणि चावी ऑन केली. मागे पंप गुणगुणला.

मी खाली फरशीवर बसलो. भुकूमच्या एका दुकानदाराची पांढरी व्हॅन डोळ्यांपुढे आली. त्या वेळी गाड्या चोरीला जायच्या. त्याच्या सांगण्यावरून मीच पंपाची वायर कापून हा लपवलेला स्विच बसवला होता. पुढे व्हॅन विकली गेली, निळी झाली, ताईंकडे आली. स्विचचं त्यांना कुणी सांगितलं नाही. भिवा खोपच्यातली धूळ पुसायला गेला आणि फडक्याने स्विच ऑफ झाला. त्याला बिचाऱ्याला कळलंही नसेल.

ताईंना फोनवर सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मिस्त्री, मंग म्या हाकललं कुनाला?"

मी तीच व्हॅन घेऊन धनगरवाड्यावर गेलो. भिवा शेळ्यांच्या गोठ्याचा कूड बांधत होता. उठला नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"त्या बटनाला काय म्हनत्यात?" त्याने विचारलं.

"चोर स्विच."

"म्हंजी चोर तुमीच बशिवला, आन् धरला मला."

"भिवा, चुकलो रे मी."

"हितं शेरडांना काय ऐकवताय?" त्याने सुंभाची गाठ आवळली. "जितं म्हनला व्हता, तितं म्हना."

वायरीचा दोष शोधताना तिच्या दोन्ही टोकांपर्यंत जावं लागतं, हे मी गॅरेजमध्ये पोरांना रोज सांगतो. त्या दिवशी मी मध्येच थांबलो आणि जवळ उभा होता त्या माणसावर बोट ठेवलं.

आम्ही खानावळीत पोचलो तेव्हा संध्याकाळच्या भाकऱ्या चालू होत्या. भिवा दारातच थांबला. ताई पुढे झाल्या. तीच मावशी म्हणाली, "काय मिस्त्री, आज कोन घावला?"

"मी," मी म्हणालो.

परातीवरचे हात थांबले. मी भिवाकडे वळलो.

"ती वायर मीच कापली होती. माझंच काम मला ओळखता आलं नाही आणि तुला या सगळ्यांसमोर चोर म्हणालो. तू नीट बघायला सांगितलंस, तेही ऐकलं नाही. भिवा, मला माफ कर."