हात तेवढे राहिले

बापाचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. तो गेला आणि काही वर्षांतच त्याचं नाक कसं होतं ते मला आठवेनासं झालं, तेव्हा मी हबकलोच. मायचं तरी तसं होऊ द्यायचं नाही, असं ठरवलं. मोहाडीच्या फोटोवाल्याकडे तिला नेलंही होतं, पण ऐन वेळी डोळे मिटून तिने त्याच्या मेहनतीची वाट लावली. राहता राहिली माझी पेन्सिल.

चित्रांचं खूळ मला जवाहरनगरला नोकरी लागल्यावर जडलं, ऐंशी सालाच्या आसपास. क्वार्टरच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरचं एक पान डकवलं होतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या डच चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून छापलेली त्याची म्हातारी आई. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती त्याने मायेने काढलेली, आणि हात मात्र चार रेघांत उरकलेले. गडी कंटाळला असावा, असं मी खुशाल ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी ते पान घेऊन गावी, करडीला गेलो. माय ओसरीत फाटकं जाळं विणत बसली होती. आमच्या घराचं पोट तलावावर, त्यामुळे हे तिचं रोजचंच.

"कोन होय हे बुढी?" तिने विचारलं.

"चित्र काढनाऱ्याची माय. तुलेबी असंच काढतो. चूप बस."

"बिनकामाची बसून राहू का? लोक का म्हनतीन?"

शेवटी जाळं विणता विणताच काढायचं ठरलं. चेहरा कागदावर असा उतरला की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. पण हात काही सापडेनात. रेघ मारावी तोवर बोटं पुढच्या गाठीवर. तेव्हा कुठे त्या डच गड्याची अडचण माझ्या डोक्यात शिरली. त्याची माय तरी हात कशाला थांबवते!

मायने कागद पाहिला. "हात काहून नाही काढले?"

"तू थांबू देशील तवा ना!"

ती हसली. जाळं बाजूला सारलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. "घे, काढ."

मी पेन्सिल उचलली आणि तसाच राहिलो. ते हात असे निपचित मी कधी पाहिलेच नव्हते. बापाचे पाहिले होते, त्याला अंगणात ठेवलं होतं तेव्हा. मी पेन्सिल खाली ठेवली.

"राहू दे माय," मी म्हणालो. "जाळं घे."