हँडलवरची हिरवी चिंधी

माझं माहेर ढाणकीचं आणि मला दिलं कळंबला. बौद्ध धम्माची दीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून माहेरच्या गावची माणसं दसऱ्याला सायकलींवर नागपूरला जाऊ लागली. वाटेत महागावला चहा, आर्णीला झोप, आणि दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं की कळंबला आमच्या अंगणात मुक्काम. त्यांच्यात माझा दादा असे. आम्ही जुने सण सोडले होते, त्यात भाऊबीजही सुटली. वर्षातून भाऊ दिसायचा तो एवढाच.

सासरी पुरुषमाणसांसमोर मी जात नसे. दादाच सरळ चुलीपाशी येऊन बसायचा. म्हणायचा, "तुह्या बेसनासाठीच सरकारनं नागपूरची सडक कळंबवरून काढली." सासूबाई त्याला दटावायच्या, "जाय, पाय धू आधी. साऱ्या घरात धुरळा करून राह्यला." एका वर्षी त्याच्या तळहातांना फोड आलेले दिसले. मी माझ्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून सायकलच्या दोन्ही मुठींना गुंडाळून दिली.

पुढच्या वर्षी मला सातवा महिना होता. घंट्या वाजल्या तशी मी दाराआडून पाहिलं. भिंतीला टेकलेल्या सायकलींत हिरवी चिंधी दिसली. दादा आला म्हणून मी पीठ मळायला घेतलं. बेसनात मिरची जास्त टाकली, त्याला तसंच लागायचं.

तो आत आला नाही. बाहेर दरवर्षीची थट्टामस्करीही ऐकू येत नव्हती. थकले असतील, असं वाटलं. भाकरी होत आल्या तरी तो येईना, तेव्हा मला राग आला. सासूबाईंना म्हटलं, "दादाले म्हणा, बहीण परकी झाली का आता?" त्या टोपली घेऊन बाहेर गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.

मग गावचे एक म्हातारे काका दाराशी आले. ते कधी आत येत नसत. उंबऱ्यावरच बसले.

"पोरी, तुहा दादा पोळ्याच्या आधीच गेला. तापानं. माय म्हणे, पोटुशा पोरीले चिठ्ठी धाडू नका, जवळ बसून सांगा. आम्ही वाटभर एकमेकाले म्हणत आलो, तू सांग, तू सांग."

"अन् सायकल?"

"मायनंच देल्ली. तो नाही तं सायकल तरी जाऊ द्या म्हणे. वापस येताना तुह्यापाशी ठेवाची का घरी न्याची, ते तुले विचाराले सांगितलं."

तव्यावरची भाकरी करपत होती, ती मी उतरवली. मग म्हटलं, "घरीच न्या. इथं कोण चालवते? पण दरसाली आणत जा."

सासूबाई आत आल्या. त्यांनी माझ्यापुढची परात ओढून घेतली आणि उरलेल्या भाकरी स्वतः थापल्या.

पुढच्या दसऱ्याला मुलीला कडेवर घेऊन मी पहिल्यांदाच त्या माणसांत गेले. सायकल शोधली, ओळखू येईना. काकांनी दाखवली. ती चालवत आलेल्या माणसानं चिंधी काढून रबरी मुठी बसवल्या होत्या. "घामानं कापड घसरते ना, बाई," तो म्हणाला. त्याचंही खरंच होतं. मी मुलीचा हात त्या मुठीवर जरा वेळ ठेवला, आणि भाकरी टाकायला आत आले.